कापतो तो दात, इंजिन नव्हे

रायगडमधल्या पालीच्या एका बागायतदार वाचकानं विचारलं आहे : ‘आमच्याकडे ४५ सीसीचं पेट्रोलवर चालणारं लाकूड कापायचं कटर आहे. घेतलं तेव्हा आंब्याचा फूटभर जाडीचा ओंडका बघता बघता मोकळा व्हायचा. आता धूर येतो, जळका वास सुटतो, आणि काप सरळ खाली न जाता उजवीकडे वळतो. मशीन थकलं, असं सगळे म्हणतात. ६० सीसीचं घेऊ का?’

घेऊ नका, निदान इतक्यात तरी नको. आधी ओंडक्याखाली काय पडतंय ते पाहा. कटरची साखळी धारदार असेल तर जाडसर ढलप्या पडतात, बोथट असेल तर बारीक भुसा. पत्रात सांगितलेली सगळी लक्षणं बोथट दातांची आहेत. इंजिन बहुधा ठणठणीत असावं. बोथट साखळी लाकडात शिरत नाही, म्हणून माणूस वरून जोर लावतो. मग दात कापायचं सोडून घासायला लागतात आणि घर्षणानं लाकूड जळतं. तो वास इंजिनाचा नसून आंब्याच्या लाकडाचा असतो. अशा साखळीला ६० सीसीचं इंजिन जोडलं, तर तेच घासणं आणखी जोरात होईल.

मध्यम आकाराच्या कटरच्या साखळीचा वेग एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. तिला फिरवणाऱ्या चक्रीला सहसा सात दात असतात. ०.३२५ इंच मापाची साखळी अशा चक्रीच्या एका फेऱ्यात साडेअकरा सेंटिमीटर पुढे सरकते. मिनिटाला ९,००० फेरे धरले तर मिनिटाला किलोमीटरभराहून जास्त, म्हणजे ताशी सुमारे ६२ किलोमीटर. साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी १६ इंची असेल, तर साखळीत साधारण ३३ कापणारे दात असतात. लाकडातल्या एकाच जागेवरून सेकंदाला पाचशेहून जास्त दात जातात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला लाकडाचा फार तर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा येतो. इंजिनाची सगळी ताकद शेवटी या पापुद्र्यावर खर्च होते. दाताला पापुद्रा उचलता येत नसेल, तर मागच्या अश्वशक्तीचा उपयोग काय?

या यंत्राचा इतिहास मात्र बहुतेक वेळा इंजिनाचाच सांगितला जातो. जर्मनीत आंद्रेआस स्टील यांनी १९२६ मध्ये विजेवरची साखळी-करवत बनवली. एमिल लेर्प यांनी १९२७ मध्ये थुरिंगियातल्या डोल्मार नावाच्या डोंगरावर पेट्रोलवरची करवत चालवून दाखवली. दोन्ही यंत्रं दोन माणसांनी मिळून उचलायची. पुढे इंजिनं हलकी झाली, एका माणसाच्या हातात आली. हे सगळं खरंच आहे.

त्याच्याही मागचा एक किस्सा समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो : चेनसॉचा, म्हणजे याच साखळी-करवतीचा, शोध बाळंतपणासाठी लागला. त्यात तथ्य आहे, पण जेवढं सांगितलं जातं तेवढं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश डॉक्टरांनी बारीक दातांची लवचीक साखळी वापरली. अडलेल्या बाळंतपणात कटीच्या पुढच्या हाडांचा सांधा मोकळा करायला किंवा हाडाचा सडका भाग काढायला तिचा उपयोग होई. पण ती दोन टोकांच्या मुठी धरून हातानं मागेपुढे ओढायची होती. पट्टीभोवती अखंड फिरणारी, दांड्यानं चालणारी साखळी आणली ती वुर्ट्सबुर्गच्या बर्नहार्ट हाइने यांनी, १८३० च्या सुमारास. तीही हाडांसाठीच होती. आजच्या यंत्राशी रूपानं जवळचं नातं असेल तर ते हाइने यांच्या उपकरणाचं आहे, आणि फिरत्या किश्शात नेमकं त्यांचंच नाव नसतं.

आणि तरीही, १९४० च्या दशकापर्यंत या सगळ्या यंत्रांच्या साखळीवर दात होते ते साध्या करवतीचेच. टोकदार दात लाकूड ओरबाडत जात, फटीत भुसा कोंबला जाई, साखळी लगेच बोथट होई आणि कानस घेऊन बसलेल्या माणसाचा अर्धा दिवस त्यातच जाई. इंजिनाची ताकद कितीही वाढवली तरी ही अडचण सुटत नव्हती.

ती सोडवली अमेरिकेतल्या ओरेगनचे लाकूडतोडे जोसेफ बफर्ड कॉक्स यांनी. १९४६ साली लाकडं फोडताना त्यांचं लक्ष एका कुजक्या बुंध्याकडे गेलं. त्यात अंगठ्याएवढ्या जाड अळ्या होत्या, एर्गेटस स्पिक्युलेटस या भुंग्याच्या. त्या लाकडाच्या रेषांच्या दिशेनं पोखरत होत्या, आणि आडव्याही तितक्याच सहज जात होत्या. करवतीला जे जमत नव्हतं ते या मऊ अंगाच्या अळीला कसं जमतं? कॉक्स यांनी कित्येक दिवस त्या अळ्यांचे जबडे न्याहाळले. जबड्याचे दोन भाग डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे आलटून-पालटून चालत. अळी ओरबाडत नव्हती, आधी बाजूनं तंतू तोडून मग तुकडा उचलत होती. कॉक्स यांनी तोच आकार पोलादात उतरवला. एक दात डाव्या अंगाचा, पुढचा उजव्या अंगाचा. प्रत्येक दाताची उभी कड तंतू तोडते आणि आडवी कड ढलपी उचलते. १९४७ मध्ये पोर्टलंडमध्ये त्यांनी साखळ्या बनवायचा कारखाना काढला. पालीच्या बाजारात आज कटरची जी साखळी मिळते, तिच्या दातांची मूळ कल्पना तीच आहे. इंजिन बनवणाऱ्यांची नावं यंत्रांवर झळकतात. कॉक्स यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि मला ते रास्त वाटत नाही.

कोकणातल्या वाचकांना ही अळी परकी वाटायचं कारण नाही. आंब्याच्या खोडात शिरणारं आपलं भिरूड, बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा, त्याच लांब मिशांच्या भुंग्यांच्या कुळातलं. खोडाला भोक, खाली सांडलेला भुसा, मग तारेचा आकडा घालून अळी ओढायची, भोकात औषधाचा बोळा कोंबायचा आणि चिखलानं लिंपायचं, हे बागायतदारांच्या अंगवळणी पडलेलं काम आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं जुन्या, दाट झालेल्या हापूस बागांच्या पुनरुज्जीवनाची पद्धत दिली तेव्हा मोठ्या फांद्यांच्या छाटणीसाठी हेच यंत्र बागांमध्ये आलं. छाटणीनंतर कापावर बोर्डो पेस्ट लावायची आणि पुढचे महिने भिरुडावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची, कारण छाटलेल्या झाडाकडे ते हमखास वळतं. लाकडात कसं शिरावं हे ज्या कुळाकडून माणूस शिकला, त्याच कुळाचा किडा माणसानं केलेल्या कापाच्या वासानं येतो. मला हे विलक्षण वाटतं. (आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. अख्खं झाड पाडायचं तर ते स्वतःच्या बागेतलं असलं तरी आधी परवानगी घ्यायला हवी.)

आता काप उजवीकडे का वळतो ते पाहू. डावे आणि उजवे दात एकाच लांबीचे आणि एकाच धारेचे असतील तरच काप सरळ जातो. बहुतेक माणसं उजव्या हातानं कानस चालवतात. एका बाजूचे दात सोयीच्या कोनात येतात, दुसऱ्या बाजूचे येत नाहीत. काही महिन्यांत एका बाजूचे दात आखूड होतात किंवा बोथट राहतात, आणि यंत्र धारदार बाजूकडे ओढलं जातं. दगडावर किंवा मातीत एकदा जरी पट्टी टेकली, तरी एका बाजूची धार आधी जाते. उपाय असा : सगळ्यात झिजलेला दात शोधा आणि बाकीचे त्याच्या लांबीला आणा. ०.३२५ च्या साखळीला ४.८ मि.मी.ची गोल कानस लागते. कोन साधारण ३० अंश, पण साखळीच्या खोक्यावर छापलेला कोन अंतिम मानावा. कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेनं ढकलायची. दाताच्या वरच्या पृष्ठावर कठीण क्रोमियमचा पातळ मुलामा असतो. तो शाबूत राहावा आणि त्याच्या खालचं पोलाद घासलं जावं, यासाठी ही दिशा.

सागावर काम असेल तर कानस जास्त वेळा हातात घ्यावी लागते. सागाच्या लाकडातच सिलिका असते, म्हणजे वाळूचाच पदार्थ, आणि ती पोलादाची धार खाते.

प्रत्येक दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो. त्याच्याकडे फार थोडे लोक बघतात. सुताराच्या रंध्यात पातं किती बाहेर काढायचं यावर ढलपीची जाडी ठरते, तसंच काम हा उंचवटा करतो. तो दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मि.मी. खाली असावा. दात घासत गेलं की धार खाली येते आणि हा फरक कमी होतो. मग दात धारदार असूनही लाकूड उचलत नाही. म्हणून तीन-चार धारांनंतर चपट्या कानशीनं उंचवटाही किंचित उतरवावा लागतो, तोही मापाची पट्टी ठेवूनच. जास्त उतरवला तर प्रत्येक दात झेपेल त्याहून मोठा घास घेतो, यंत्र थडथडतं आणि उसळण्याचा धोका वाढतो.

उसळणं म्हणजे काय, तेही नीट समजून घ्यायला हवं. पट्टीच्या टोकाच्या वरच्या चतुर्थांशात साखळी पुढून खाली वळत असते. तिथला दात फांदीत अडकला की साखळीची ऊर्जा लाकडात न जाता पट्टीलाच वर आणि मागे फेकते, थेट माणसाच्या चेहऱ्याकडे आणि खांद्याकडे. हे सगळं माणसाला हात आवरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत घडतं. म्हणून पुढच्या मुठीसमोरचा ब्रेक रोज काम सुरू करण्याआधी चालवून पाहावा, डावा अंगठा मुठीखाली वळवलेला असावा, आणि झाडावर चढून एका हातानं यंत्र चालवू नये. आपल्याकडे हे शेवटचं फार होतं.

तेलाबद्दल थोडक्यात. साखळीच्या टाकीत जळकं ऑइल ओतायची सवय सोडावी. त्यातले धातूचे कण तेलाचा पंप आणि पट्टीची खोबण खातात, आणि उरलेलं बागेच्या मातीत जातं. इंजिन कसंही आडवंतिडवं धरलं तरी चालावं म्हणून त्यात वेगळं वंगण साठवत नाहीत, ते पेट्रोलमध्येच मिसळतात. बहुतेक यंत्रांना लिटरला २० मिलिलिटर, पण आपल्या यंत्राची पुस्तिका पाहावी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. रायगडच्या पावसाळ्यात महिनाभर ठेवलेल्या डब्यात पाणी आणि इथेनॉलचा थर तळाला बसू शकतो. त्या थरात वंगण नसतं. त्यावर चाललेलं इंजिन आतून घासलं जाऊन बंद पडतं. पंधरवड्यात संपेल एवढंच मिश्रण करावं, आणि जूनमध्ये यंत्र ठेवताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावं.

पत्रात विचारलेलं नाही, पण रायगडात सांगायलाच हवं असं एक राहिलं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा रस्ते मोकळे करताना याच यंत्रांनी मोठं काम केलं. पण वाऱ्यानं पडलेलं झाड उभ्या झाडासारखं वागत नाही. ते वाकलेलं आणि ताणलेलं असतं. खोड दोन्ही टोकांना टेकलं असेल तर वरच्या अंगाला दाब असतो आणि खालच्या अंगाला ताण. एकच टोक टेकलं असेल तर उलट. आधी दाबाच्या बाजूनं जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत कापावं आणि मग ताणाच्या बाजूनं येऊन काप पुरा करावा. दाबाच्या बाजूनंच कापत राहिलं तर पट्टी फटीत आवळून बसते. ताणाची बाजू आधी तोडली तर खोड उभं चिरत उसळतं. आणि मुळासकट उपटलेल्या झाडाचं खोड बुंध्यापाशी कापलं की मातीनं भरलेला मुळांचा जड चकता पुन्हा खड्ड्यात आदळू शकतो. त्या खड्ड्यात किंवा मुळांच्या मागे कुणी उभं नाही ना, विशेषतः बघायला जमलेली मुलं, हे मशीन सुरू करण्याआधी एकानं फिरून पाहावं.