जबड्यात २३२ दात!

जरा जिभेने दात मोजून बघा. अक्कलदाढा आल्या असतील तर ३२, नसतील तर २८. बरोबर? आता हे ऐका. जुलै २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एका मुलाच्या जबड्यातून डॉक्टरांनी तब्बल २३२ दात काढले. मुलगा बुलडाणा जिल्ह्यातला, वय १७. म्हणजे तुमच्याच बरोबरीचा. दीड वर्ष बिचारा सुजलेला गाल घेऊन फिरत होता आणि नेमकं काय झालंय हे गावाकडे कुणालाच सांगता येईना. ऑपरेशन जवळपास सात तास चाललं. बारीक मोत्यांसारखे दात एकेक करून निघत होते. आतला दगडासारखा गोळा तर चक्क छिन्नी-हातोडीने फोडावा लागला! एवढं होऊन तोंडात २८ दात शिल्लक राहिले. म्हणजे ऊस खायला अडचण नाही.

याला म्हणतात ‘ओडोन्टोमा’. ही गाठच, पण कॅन्सरची नाही. दात घडवणाऱ्या पेशी थांबायचं विसरतात आणि बनवतच सुटतात. चेन्नईत २०१९ मध्ये सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातल्या अशाच एका पिशवीत ५२६ दात सापडले होते.

कधी दात एकच असतो, पण पत्ता चुकतो. वरच्या पुढच्या दातांच्या मुळांवर लगेच नाकाचा तळ असतो. तिथे एखादा जादा दात उलटा तयार झाला, तर तो खाली यायचं सोडून वर नाकात शिरतो! न्यूयॉर्कमध्ये ३८ वर्षांच्या एका माणसाला कित्येक वर्षं उजव्या नाकपुडीने नीट श्वास घेता येत नव्हता. दुर्बिणीतून पाहिलं, तर आत दात.

घाबरू नका, असं क्वचितच होतं. पण दुधाचा दात पडून वर्षं झाली तरी नवा आलाच नाही, हिरडी किंवा गाल न दुखता फुगलाय, एकच नाकपुडी कायम बंद असते, यातलं काही असेल तर ‘परीक्षा झाल्यावर बघू’ म्हणू नका. गाठ जितकी वाढेल तितकं जबड्याचं हाड पोखरलं जातं. दातांच्या डॉक्टरांना दाखवा. ते बहुतेक ‘ओपीजी’ काढायला सांगतील. हा सगळ्या जबड्याचा एक्स-रे. मान न हलवता उभं राहायचं, मशीन डोक्याभोवती फिरतं, अर्ध्या मिनिटात काम खल्लास. फक्त कानातलं आधी काढून ठेवा, नाहीतर फोटोत दातांवर त्याचीच सावली येते.