शाळेंतील बहिष्कार

विद्येच्या घरीं सर्व मुलें सारखीं, हें वाक्य आम्हीं निबंधांत अनेक वेळां लिहिलें आहे. परंतु ज्या मुलाजवळ कोणी बसत नाहीं, त्यास हें वाक्य कसें वाटत असेल? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलों असतां आम्हांस आपल्याच प्रांताच्या इतिहासाकडे वळावें लागलें.

१८५६ सालीं धारवाड येथील सरकारी शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलानें अर्ज केला. तो नाकारण्यांत आला. त्या एकास घेतल्यास इतर मुलें शाळा सोडतील व शाळा ओस पडेल, अशी अधिकाऱ्यांस भीति होती. बहुतांच्या मर्जीला भिऊन जाणते लोक गप्प बसले, म्हणजे बहिष्कार कसा आपोआप घडतो, हें ह्यावरून दिसून येतें.

पुढें शाळेचें दार उघडलें, तरी आंतील जागा निराळीच राहिली. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत भीमराव आंबेडकरांचें नांव दाखल झालें. त्या वेळीं ते अवघे नऊ वर्षांचे होते. साताऱ्याच्या शालेय दिवसांतील आपल्या आठवणी त्यांनीं स्वतःच लिहून ठेविल्या आहेत. इतर मुलांत मिसळून बसण्याची त्यांस मुभा नसे. एका कोपऱ्यांत वेगळ्या गोणपाटावर बसावें लागे. झाडलोट करणारा नोकर त्या गोणपाटास शिवत नसे, म्हणून तें रोज घरीं न्यावें व सकाळीं पुन्हां आणावें लागे. तहान लागली, तर इतर मुलें नळावर जाऊन पाणी पीत. ह्यांस मात्र शिपायानें नळ उघडून दिला, तरच पाणी मिळे. शिपाई नसला, तर तहान तशीच राही.

ह्यांत छडीचा मार नाहीं व शिवीगाळही नाहीं. आसन, पाणी आणि स्पर्श ह्या रोजच्या तीन गोष्टींनींच सर्व काम होतें. एकदां झालेला अपमान मुलगा विसरेलही. परंतु दररोज काखेंत गोणपाट घेऊन चालणाऱ्या मुलास आपली पायरी दररोज आठवते. मग उत्तर येत असूनही त्याचा हात वर होत नाहीं, आणि लोक त्यास मंदबुद्धि म्हणूं लागतात. दोष इतरांचा असून लाज मात्र त्याच्या वांट्यास येते, हेंच ह्या दुःखाचें खरें मर्म होय.

ह्या बाबतींत आमच्या करवीर नगरीनें एक मोठें पाऊल उचललें. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. अस्पृश्य मुलांकरितां त्या काळीं वेगळ्या शाळा होत्या. त्यांतून अक्षरओळख होई, पण त्याबरोबर वेगळेपणाचाही धडा मिळे. म्हणून १९१९ सालीं महाराजांनीं ह्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांस एकाच शाळेंत घेण्याचा हुकूम दिला. धारवाडास ज्या भीतीपुढें सरकारनें मान तुकविली, तिला येथें राजानें जुमानलें नाहीं.

१९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. कायद्यानें शाळेचें दार उघडतें. परंतु मधल्या सुटींत कोणाच्या डब्याशेजारीं कोणीं बसावें, हें ठरविण्यास तेथें कोणी अधिकारी येत नाहीं. तें आपणच ठरवितों. कोठें अजूनही जात पाहिली जाते. कोठें जुने कपडे, बोलण्याची ढब किंवा शरीराचें व्यंग पुरेसें होतें. चारजण हसतात व बाकीचे खालीं पाहतात. त्या खालीं पाहणाऱ्यांत आम्हीही कित्येकदां होतों, हें येथें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे.

वाचक बंधुभगिनींनो, साताऱ्याच्या त्या वर्गांत एखादा मुलगा उठून कोपऱ्यांतील गोणपाटावर जाऊन बसला असता, तर? उद्यां वर्गांत शिरतांना, एकटें कोण बसलें आहे, एवढें आपण पाहूं या. आणि आपलें दप्तर तेथें नेऊन ठेवूं या.