कमी शक्तीचा ट्रान्समीटर आणि अँटेनाची मांडणी
भारतातील सामुदायिक रेडिओ केंद्रांसाठी 2006 मध्ये आखलेल्या धोरणाने प्रभावी प्रक्षेपणशक्तीची, म्हणजे केबलमधील घट आणि अँटेनाची दिशिकता जमेस धरून निघणाऱ्या शक्तीची, मर्यादा 100 वॅट आणि अँटेनाची जमिनीपासूनची उंची 15 ते 30 मीटर ठरवली. साहजिकच पल्ल्याचा प्रश्न मुख्यतः अँटेनापाशी येऊन ठेपतो. एफएम लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने पृथ्वीच्या वक्रतेपलीकडे त्या क्षीण होतात, आणि ही मर्यादा, म्हणजेच रेडिओक्षितिज, उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात दूर सरकते: सपाट प्रदेशात 15 मीटरवरून ते सुमारे 16, तर 30 मीटरवरून सुमारे 23 किलोमीटरवर असते. प्रत्यक्ष पल्ला अर्थातच याहून कमी भरतो, आणि मध्ये डोंगर आला की हे गणित कागदावरच राहते. 90.4 मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी सुमारे 3.3 मीटर असल्याने अर्धतरंग द्विध्रुव, म्हणजे मधोमध जोडणी असलेला दोन दांड्यांचा अँटेना, 1.6 मीटरच्या आसपास ठेवावा लागतो. माप चुकल्यास शक्तीचा काही भाग परत फिरून ट्रान्समीटर तापवतो. सर्वाधिक दुर्लक्ष होते ते केबलकडे, कारण तिच्यात 3 डेसिबल घट झाली तर निम्मी शक्ती अँटेनापर्यंत पोहोचण्यापूर्वीच उष्णतेत जिरते.