फिर्याद मेलेल्यावर

ऐंशीच्या दशकात आंध्रात नक्षलवाद्यांशी झालेल्या ‘चकमकी’ची बातमी ठरलेल्या साच्यातून निघायची. पोलीस गस्तीवर होते, त्यांच्यावर गोळीबार झाला, त्यांनी स्वसंरक्षणार्थ गोळ्या झाडल्या. एक ठार, बाकीचे अंधाराचा फायदा घेऊन पसार. मुंबईकरांना हा मजकूर तोंडपाठ असेल. १९७४मध्ये स्थापन झालेली आंध्र प्रदेश नागरी हक्क समिती वर्षानुवर्षं याच मजकुराची उलटतपासणी करत राहिली.

पोलीस हा राज्यसूचीतला विषय, त्यामुळे हे भांडणही दिल्लीपेक्षा तालुक्याच्या ठाण्याशीच जास्त. बातमी आली की समितीचे वकील, प्राध्यापक, डॉक्टर गावात जात. माणसाला घरातून कोणी नेलं, कधी नेलं, हे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना विचारत आणि ते पोलिसांच्या कागदांशी ताडून पाहत. त्या कागदांतली खरी मेख एफआयआरमध्ये असे. गुन्हा नोंदलेला असे, पण मेलेल्यावर: पोलिसांच्या खुनाचा प्रयत्न, कलम ३०७. आरोपीच मेला म्हटल्यावर खटला चालवायचा कोणावर? फाइल बंद. गोळी झाडणारा आरोपी म्हणून कुठेच येत नाही. बेकायदा काम इतक्या कायदेशीर अक्षरात क्वचितच लिहिलं गेलं असेल.

या कामाची किंमत मोजावी लागली. वरंगळचे बालरोगतज्ज्ञ डॉ. ए. रामनाथम समितीचे पदाधिकारी होते. एका फौजदाराच्या अंत्ययात्रेतले पोलीस ३ सप्टेंबर १९८५ रोजी त्यांच्या दवाखान्यात घुसले आणि त्यांना गोळ्या घातल्या.

अध्यक्ष के. जी. कन्नबिरन कोर्टात लढत. सरचिटणीस के. बालगोपाल मूळचे गणिताचे प्राध्यापक, पुढे वकील झाले. नक्षलवाद्यांच्या हिंसेबद्दलही तितकंच स्पष्ट बोललं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यावरून मतभेद विकोपाला गेले आणि १९९८मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह मानवी हक्क मंच काढला. मला त्यांचा आग्रह पटतो. मात्र सरकारी गणवेशातल्या माणसाने मारणं आणि बंडखोराने मारणं यांतला फरक जुन्या सहकाऱ्यांनी सोडला नाही, हेही समजण्यासारखं आहे.

फेब्रुवारी २००९मध्ये समितीच्याच याचिकेवर आंध्र उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला: चकमकीत माणूस मेला की पोलिसांवर गुन्हा नोंदवा, स्वसंरक्षण होतं की नाही ते न्यायालय ठरवेल. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

२०१४मध्ये त्याच न्यायालयाने चकमकींसाठी सोळा नियम घालून दिले. ते प्रकरण महाराष्ट्राचं होतं: १९९५ ते १९९७मधल्या मुंबईतल्या ९९ चकमकी, सुमारे १३५ मृत्यू. एफआयआर नोंदवा आणि तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे द्या, असं नियम सांगतात. एफआयआर कोणावर, ते सांगत नाहीत.