सौर कुंपण व शेतघराची बॅटरी : योग्य जोडणी आणि बदल

अमरावती व अकोला जिल्ह्यांत रानडुक्कर आणि रोही यांच्या उपद्रवामुळे शेतकऱ्यांस रात्र रात्र जागल करावी लागते. सोयाबीनच्या शेंगा भरू लागल्या किंवा हरभरा घाट्यांवर आला की जनावरांचा कळप एका रात्रीत उभ्या पिकाची नासाडी करतो. यावर उपाय म्हणून अनेक शेतकऱ्यांनी धुऱ्यावर तारा ओढून सौर कुंपण उभारले आहे. यालाच गावोगावी झटका मशीन म्हणतात. त्याच बॅटरीवर शेतातील खोलीत एकदोन दिवेही लावले जातात. पॅनल व तारा वर्षानुवर्षे टिकतात. दगा देते ती बॅटरी.

कुंपण बंद पडले म्हणजे पिकाचे नुकसान होतेच. परंतु त्याहून मोठे संकट पुढे असते. हताश झालेला माणूस पंपाच्या किंवा घरच्या विजेचा प्रवाह थेट तारेत सोडतो. झटका यंत्रातून सुमारे सेकंदा-सेकंदाच्या अंतराने केवळ क्षणभर झटका निघतो, त्यामुळे तारेस लागलेला जीव मागे हटू शकतो. २३० व्होल्टचा प्रवाह मात्र अखंड वाहतो; स्नायू आखडतात व हात तारेवरून सुटत नाही. अशा तारांनी शेजाऱ्यांचे, गुराख्यांचे व खुद्द मालकाचेही प्राण घेतले आहेत. असे करणे गुन्हा आहे. म्हणून बॅटरी नीट राखणे हा माणसे वाचविण्याचाही प्रश्न आहे.

बॅटरी अकाली का मरते ?

बॅटरी निकामी झाली की दुकानातून नवी आणून जुन्याच तारांना जोडण्याची पद्धत सर्वत्र आढळते. परिणामी नवी बॅटरीही त्याच दोषाला बळी पडते. बॅटरी बदलण्यापूर्वी जुनी कशाने गेली हे शोधणे अगत्याचे आहे.

शिसे व आम्ल यांची बॅटरी १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी तयार केली. तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. वीज खर्च होताना प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते व भरताना ते विरघळते. बॅटरी बरेच दिवस रिकामी राहिली तर हा थर कठीण होतो व पुन्हा विरघळत नाही. वारंवार पूर्ण रिकामी करणे, पाणी कमी पडू देणे आणि उष्णता ही अन्य कारणे होत. वऱ्हाडात वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी पत्र्याच्या पेटीत उन्हात ठेवलेल्या बॅटरीचे आयुष्य निम्म्याहूनही कमी होऊ शकते.

योग्य बॅटरीची निवड

ट्रॅक्टरची जुनी बॅटरी कुंपणास लावणे ही सर्वसाधारण चूक होय. ट्रॅक्टरच्या बॅटरीतील प्लेटा पातळ असतात. इंजिन सुरू करताना काही सेकंद मोठा प्रवाह देण्यासाठी त्या योजलेल्या असतात. रात्रभर थोडा थोडा प्रवाह देण्याचे काम जाड प्लेटांच्या, ट्यूब्युलर नावाने मिळणाऱ्या बॅटरीचे आहे.

आकार ठरविण्यासाठी साधा हिशेब करावा. समजा, यंत्रास सरासरी पाव अँपिअर प्रवाह लागतो. रात्रीच्या १२ तासांत ३ अँपिअर-तास झाले. ६ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर १ अँपिअर घेतात; ५ तासांचे ५ झाले. एकूण रोज ८. पावसाळ्यात तीन दिवस झड लागली तर २४. बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नये, म्हणून ४८. सबब ६० अँपिअर-तासांची बॅटरी घेणे इष्ट.

जोडणी करताना

१२ व्होल्टच्या जोडणीत बारीक तार हा मोठा शत्रू आहे. पॅनल १० मीटर दूर आहे व ५ अँपिअर प्रवाह येतो असे धरल्यास, दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन सुमारे १.२ व्होल्ट वाया जातात. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत अर्ध्या व्होल्टहूनही कमी. बारीक तारेमुळे ऊन असूनही बॅटरी कधी पूर्ण भरत नाही व दोष मात्र बॅटरीला दिला जातो.

धन तारेवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच, तारेच्या जाडीस साजेसा फ्यूज बसवावा. बॅटरीची दोन टोके चुकून एकमेकांस भिडली तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहून तार लाल होते व पेट घेते.

दोन बॅटऱ्या लावायच्या असल्यास त्या एकाच बनावटीच्या, एकाच क्षमतेच्या व एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जुनीच्या जोडीला नवी लावल्यास जुनी नवीला ओढून नेते. धनास धन व ऋणास ऋण जोडल्यास व्होल्ट १२ च राहतात व साठा दुप्पट होतो. अशा जोडणीत बाहेर जाणारी धन तार पहिल्या बॅटरीवरून व ऋण तार दुसऱ्या बॅटरीवरून घ्यावी, म्हणजे दोन्हींवर भार सारखा पडतो.

बॅटरी बदलताना

प्रथम झटका यंत्र व दिवे बंद करावेत, नंतर पॅनलची तार चार्ज कंट्रोलरपासून सोडवावी. त्यानंतर बॅटरीचे आधी ऋण टोक व मग धन टोक सोडवावे. नवी जोडताना क्रम उलट: आधी धन, मग ऋण, आणि पॅनल त्यानंतर. बॅटरीआधी पॅनल जोडल्यास कंट्रोलर बिघडू शकतो. हातातील कडे व अंगठी काढून ठेवावी. भरत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी वा काडी ओढू नये. आम्ल डोळ्यांत गेल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

लिथियम बॅटरी घ्यावयाची असल्यास कंट्रोलर तिला योग्य आहे की नाही, हे दुकानदाराकडून तपासून घ्यावे. जुनी बॅटरी घरी फोडू नये. शिसे मुलांना विषासमान आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तिची विल्हेवाट अधिकृत मार्गानेच व्हावयास हवी, म्हणून ती विक्रेत्याकडेच परत द्यावी.

निगा

प्लेटा बुडतील इतके पाणी सदैव असावे व केवळ डिस्टिल्ड वॉटरच घालावे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, बाळापूर या तालुक्यांतील खारपाणपट्ट्याच्या गावांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. तेथील विहिरीच्या पाण्यातील क्षार प्लेटा खाऊन टाकतात. टोकांवरील पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून वर व्हॅसलीन लावावे. मात्र हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. बॅटरी सावलीत, हवेशीर जागी, लाकडी फळीवर ठेवावी.

महिन्यातून एकदा पहाटे पॅनल व भार तोडून, दोनतीन तासांनी मल्टिमीटर लावावा. सुमारे १२.७ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली उतरल्यास त्वरित भरावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पोळ्याच्या सुमारास, शेंगा भरण्यापूर्वी, गावातील सौर कुंपणांची अशी तपासणी शेतकऱ्यांसमवेत करावी. एक मल्टिमीटर साऱ्या गावास पुरतो. ज्या धुऱ्यावरील झटका खात्रीचा असतो, तेथे घातक प्रवाह सोडण्याची वेळ कोणावर येत नाही.