शनिवार त्यांचा, रविवार आपला

आमची धाकटी बहीण आणि मेहुणे दुबईत नोकरी करतात. २०२१ अखेरपर्यंत तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असे. रविवारी आम्ही कोंढव्यातल्या घरी निवांत असायचो, तेव्हा ते दोघे कामावर. फोन घाईघाईत उरकायचा आणि अम्मीचा चेहरा उतरायचा.

१ जानेवारी २०२२पासून अमिरातीत सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार सुट्टी झाली. शुक्रवारी अर्धा दिवस काम, मग जुम्याची नमाज. या दोघांच्या कंपन्यांनीही तेच वेळापत्रक घेतले. आपला रविवार आणि त्यांचा रविवार एक झाला.

पण शनिवारी फोन उचलत नाहीत म्हणून अम्मी रुसली. बहीण म्हणाली, "अम्मी, आठवडाभर आम्ही दोघं फक्त डबा भरताना भेटतो गं!"

शनिवारी संध्याकाळी ते देऱ्याहून अब्र्यात, म्हणजे लाकडी होडीत बसतात. एका दिरहममध्ये खाडी ओलांडून बर दुबईच्या काठावर चहा पितात. एवढीच त्यांची चैन.

आता घरात ठरले आहे, शनिवार त्यांचा. रविवारी आपल्या साडेपाचला, त्यांच्या चारला, फोन येतो. अम्मीचा पहिला प्रश्न असतो, "काल फिरून आलात ना?"

ज्यांची मुले परदेशात आहेत, त्यांनीही हा प्रश्न विचारून पाहावा.