संभाव्यताधिष्ठित सिक्वेन्सर आणि स्वररचना : एक विवेचन

प्रस्तावना : जुन्नर तालुक्यास संगीत आणि इलेक्ट्रॉनिकी या दोहोंचा वारसा लाभला आहे. नारायणगाव हे तमाशा फडांचे माहेरघर मानले जाते. तेथून जवळच, खोडद परिसरात, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. या दुर्बिणीस अवकाशातील क्षीण संकेत संग्राहकांच्या गोंगाटातून वेगळा काढावा लागतो. याउलट, मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये इलेक्ट्रॉनिक गोंगाट हेतुतः निर्माण करून त्यापासून स्वरावली घडविता येते. ही प्रक्रिया व तिची मर्यादा स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कार्यपद्धती : मॉड्युलर सिंथेसायझर हे सुटे घटक तारांनी जोडून सिद्ध होणारे वाद्य होय. त्यात सामान्यतः विद्युतदाब १ व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक चढतो. साधा सिक्वेन्सर ठरलेले स्वर ठरलेल्या क्रमाने देतो. संभाव्यताधिष्ठित सिक्वेन्सर मात्र प्रत्येक पायरीवर जणू फासा टाकतो. ८ पायऱ्यांपैकी प्रत्येकीची वाजण्याची संभाव्यता ७५ टक्के ठेवल्यास एका आवर्तनात सरासरी ६ स्वर वाजतात. आठही वाजण्याची शक्यता सुमारे १० टक्केच असते. टॉम व्हिटवेल यांच्या ‘ट्युरिंग मशीन’ या घटकात (२०१२) एकच खुंटी पिळून अखंड पुनरावृत्तीपासून पूर्ण यादृच्छिकतेपर्यंत जाता येते.

रागाची कसोटी : भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर येतात. भूपाचा वादी गंधार, तर देशकाराचा धैवत. म्हणून भूपासाठी गंधारास ३० व धैवतास २० टक्के, आणि देशकारासाठी याच्या उलट संभाव्यता देता येईल. तथापि एवढ्याने राग सिद्ध होत नाही. प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे निवडला गेल्यास आधीच्या स्वराची स्मृती उरत नाही, आणि रागाचे चलन तर त्या स्मृतीवरच उभे असते. अमुक स्वरानंतर तमुक स्वर येण्याची संभाव्यता विचारात घेणारी मार्कोव्ह साखळी येथे अधिक उपयुक्त ठरते. पुण्यातील संगणकशास्त्रज्ञ हरी सहस्रबुद्धे यांनी १९९० च्या दशकात रागसंगीताच्या संगणकीय प्रतिमानावर केलेले कार्य याच दिशेचे होते. मात्र मींड, श्रुती आणि न्यासाचा ठहराव स्वरांच्या अशा साखळीत उतरत नाहीत.

समारोप : यंत्र फासा टाकते, फाशावर कोणते आकडे असावेत हे मात्र संगीतकार ठरवितो. त्यामुळे अशा रचनेचे कर्तृत्व यंत्राकडे जात नाही. त्याचे स्थान तेवढे स्वराच्या निवडीकडून नियमाच्या निवडीकडे सरकते. २०१७ पासून व्हीसीव्ही रॅक या संगणकप्रणालीची विनामूल्य आवृत्ती उपलब्ध असल्याने जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील महाविद्यालयांनाही महागड्या सामग्रीविना हे प्रयोग शक्य आहेत. संख्याशास्त्राचा तास कानांनी ऐकता येणे आणि रागाचा नियम अंकांत तपासता येणे, हा या अभ्यासाचा खरा आंतरविद्याशाखीय लाभ होय.